गोंदण, डाग आणि प्रभूची खूण

हुलसूर हे बीदर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. पूर्वी ते बसवकल्याण तालुक्यात मोडत असे. आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. या भागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू अशी तिहेरी भाषिक वहिवाट आहे. शरीरावर सुईने काढलेल्या नक्षीला येथील मराठी माणूस गोंदण म्हणतो, तर त्याचा कन्नड शेजारी हच्चे म्हणतो. शब्द दोन असले तरी हात तोच. या हाताविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते, असा प्रश्न अलीकडे सीमाभागातील मंडळ्यांत वारंवार विचारला जातो. त्याला जी उत्तरे दिली जातात ती आम्हांस अपुरी वाटतात. त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न कोणत्या परिस्थितीतून उद्भवतो हे प्रथम ध्यानात घेऊ. या भागातील मंडळ्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना पुढील चित्र अपरिचित वाटणार नाही. रविवारच्या उपासनेत स्त्रियांच्या बाजूला एक वृद्धा बसलेली असते. तिच्या कपाळावर हिरवट टिंब आणि हनुवटीवर तीन ठिपके असतात. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, पाळणा आणि विंचू गोंदलेले असतात. मागच्या ओळीत तिचा नातू बसलेला असतो. तो पुण्याला किंवा हैदराबादला कामाला असतो व सणासाठी गावी आलेला असतो. त्याच्या मनगटावर यंत्राने काढलेला काळाभोर क्रूस असतो. व्यासपीठावरून लेवीय १९:२८ वाचले जाते आणि अंग गोंदवून घेणे हे परमेश्वराच्या आज्ञेचे उल्लंघन आहे, असे निक्षून सांगितले जाते. नातू मनातल्या मनात वाद घालतो. आजी मात्र निमूटपणे पदर पुढे ओढून हात झाकते. आम्हांस अस्वस्थ करतो तो हा झाकलेला हात. ज्या हाताने तिने पन्नास वर्षे प्रभुभोजनाची भाकर घेतली तोच हात झाकावा असे तिला वाटले, तर उपदेशात कोठे तरी चूक आहे.

या प्रश्नावर दोन पक्ष दिसतात. पहिल्याचे म्हणणे असे की, शास्त्रात स्पष्ट मनाई आहे, तेव्हा विषय संपला. दुसरा म्हणतो की, नियमशास्त्र ख्रिस्तात पूर्ण झाले, आता सर्व काही मोकळे आहे. शिवाय चिन्ह क्रूसाचे असल्यावर आक्षेप कसला? आमच्या मते पहिल्या पक्षाने वचन अर्धेच वाचले आहे व दुसऱ्याने ते वाचायचेच सोडून दिले आहे.

१. लेवीयातील वचन

लेवीय १९:२८ मध्ये दोन गोष्टींना मनाई आहे. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेणे ही पहिली व अंगावर एक प्रकारचे लेखन करणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी मूळ इब्री भाषेत ‘कथोबेथ कअका’ असे दोन शब्द आहेत. त्यांपैकी पहिला ‘कातब’ म्हणजे लिहिणे या सामान्य धातूपासून आला आहे. दुसरा शब्द संपूर्ण जुन्या करारात एकदाच, येथेच, आढळतो. त्यामुळे त्याचा नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. सतराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने येथे ‘खुणा छापणे’ अशा आशयाचे सावध शब्द योजले होते. मराठी भाषांतरकारांनी ‘गोंदणे’ हा घरगुती शब्द घेतला. भाषांतर म्हणून तो चुकीचा नाही. किंबहुना आशयाच्या तो जवळच आहे. परंतु त्याचा एक परिणाम झाला. इंग्रजी वाचकाला जे वचन दूरच्या काळातील कोणा मूर्तिपूजकांविषयी आहे असे वाटले, ते मराठी श्रोत्याला थेट आपल्या आईच्या हाताविषयी आहे असे वाटू लागले. शब्द जितका जवळचा, तितकी त्याच्या विवरणात काळजी अधिक घ्यावी लागते. ती घेतली गेलेली नाही.

ही मनाई कशासाठी आहे? वचनाच्या पूर्वार्धात मृतांचा उल्लेख आहे. सभोवतालच्या राष्ट्रांत शोकप्रसंगी व दैवतांच्या आराधनेत अंग चिरून घेण्याची चाल होती. कर्मेल डोंगरावर बआलाचे संदेष्टे तेच करताना दिसतात (१ राजे १८:२८). अनुवाद १४:१ हे वचनही शोकाच्या संदर्भातच ही मनाई करते. परंतु उत्तरार्धातील लेखनाचा आणखी एक संदर्भ प्राचीन लेखांवरून ध्यानात येतो. बाबेली प्रदेशातील उरुक नगरात इश्तार देवीच्या मंदिराला वाहिलेल्या दासांच्या हातावर तारकेची खूण करीत. मिसर देशातील एलेफंटाइन बेटावर इ. स. पूर्व पाचव्या शतकात यहुदी वसाहत होती. तेथील अरामी दस्तऐवजांत मालकाचे नाव हातावर असलेल्या दासाचा उल्लेख येतो. सारांश, त्या जगात अंगावरील अक्षर हे पुष्कळदा मालकीचे अक्षर होते. तो माणूस कोणाचा आहे, हे ते सांगत असे.

आता वचनाचा शेवट पाहावा. मी परमेश्वर आहे, या घोषणेने ते संपते. याच ग्रंथात पुढे (लेवीय २५:४२, ५५) परमेश्वर सांगतो की, इस्राएल लोक माझे दास आहेत, मी त्यांना मिसरातून सोडवून आणले, म्हणून त्यांना दास म्हणून विकता कामा नये. या प्रकाशात लेवीय १९:२८ चा गाभा असा दिसतो: ज्यांना परमेश्वराने सोडविले त्यांच्या अंगावर मृताने, दैवताने वा धन्याने आपले नाव लिहू नये. हे वचन मुख्यतः मुक्त केलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेविषयी आहे. कातडीच्या रंगाविषयी नव्हे.

पहिल्या पक्षाला आमचा आणखी एक प्रश्न आहे. हा अध्याय ते कोठपर्यंत वाचतात? याच अध्यायात दोन जातींच्या सुताचे वस्त्र घालू नये असे आहे (१९). दाढीचे कोपरे छाटू नयेत असे आहे (२७). हे नियम व्यासपीठावरून कोणी सांगत नाही, व सांगणारा स्वतः बहुधा सकाळी दाढी करूनच आलेला असतो. ते असो. परंतु याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये (१३), बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत (१४), शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी (१८), परदेशीयाला आपल्यातलाच मानावे (३४) अशाही आज्ञा आहेत. आणि गोंदण्याच्या वचनानंतर अवघ्या चार ओळींवर, बत्तिसाव्या वचनात, पिकलेल्या केसांपुढे उठून उभे राहावे व वृद्धाचा मान राखावा अशी आज्ञा आहे. जो उपदेशक अठ्ठाविसाव्या वचनाने वृद्धेला मान खाली घालायला लावतो तो बत्तिसावे वचन मोडतो. आमच्या मते हा मोठा अपराध आहे.

२. यशया, यहेज्केल आणि पौल

शास्त्राने हातावरील लेखनाविषयी लेवीयात शेवटचा शब्द उच्चारलेला नाही. यशया ४४:५ मध्ये बंदिवासातील लोकांना पुनरुत्थापनाचे आश्वासन देताना संदेष्टा म्हणतो की, कोणी मी परमेश्वराचा आहे असे म्हणेल, कोणी याकोबाचे नाव घेईल, आणि कोणी आपल्या हातावर आपण परमेश्वराचे आहो असे लिहील. मूळ वाक्य ‘हाताने लिहील’ असेही वाचता येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘हातावर लिहील’ हे वाचन जुने व सबळ आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, येथेही धातू ‘कातब’ हाच आहे. लेवीयात जे लिहू नये ते येथे आनंदाने लिहिले जाते. विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. तेथे परक्या धन्याचे नाव नाकारले आहे. येथे ज्याने सोडविले त्याचे नाव स्वेच्छेने धारण केले आहे. दोन्ही वचने एकच प्रश्न विचारतात: तू कोणाचा?

निर्गम २१:५-६ मध्ये याच विचाराचे बीज आढळते. सातव्या वर्षी मुक्त होण्याचा हक्क असलेला दास धन्यावरील प्रीतीमुळे जाऊ इच्छीत नसेल, तर दाराशी नेऊन त्याचा कान टोचावा असे तेथे म्हटले आहे. यहेज्केल ९:४ मध्ये यरुशलेमेतील अमंगळ कृत्यांमुळे जे उसासे टाकतात त्यांच्या कपाळांवर खूण करण्यास सांगितले आहे. त्या खुणेला मुळात ‘ताव’ हे अक्षरनाम आहे, आणि प्राचीन इब्री लिपीत ते अक्षर फुलीच्या आकाराचे होते. आरंभीच्या मंडळीने त्यात क्रूसाची छाया पाहिली यात नवल नाही. प्रकटीकरणात तर दोन्ही खुणा समोरासमोर येतात. एकीकडे श्वापदाची खूण आहे. ती नसेल तर विकत घेणे व विकणे बंद (१३:१६-१७). दुसरीकडे कोकऱ्याचे व त्याच्या पित्याचे नाव कपाळावर असलेले लोक आहेत (१४:१).

नव्या करारातील निर्णायक वचन मात्र गलती ६:१७ आहे. येशूच्या खुणा मी आपल्या शरीरावर धारण करतो, असे पौल म्हणतो. येथे आपल्या भाषांतरातील ‘खुणा’ हा शब्द जरा सौम्य पडतो. मूळ ग्रीक शब्द ‘स्तिग्मा’ हा दासाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर टोचून केलेल्या चिन्हासाठी रूढ होता. मराठीत या बाबतीत सूक्ष्म भेद आहेत. गोंदणे हौसेने होते. गोंदणारणीला शिधा देऊन, मुलीचा हात मांडीवर घेऊन ते केले जाते. डागणे हे धन्याकडून होते; गुरांना डागतात. खूण कोणीही, कशावरही करतो. पौलाच्या शब्दात डागाची छटा अधिक आहे. फटके, काठ्या आणि दगड यांनी त्याच्या पाठीवर जे वळ उठले (२ करिंथ ११:२३-२५) तेच त्याच्या धन्याचे नाव होय. हे चिन्ह त्याने हौसेने काढून घेतलेले नाही; प्रभूच्या मागे जाताना ते अंगावर आले आहे.

हे वचन ज्या पत्राच्या शेवटी येते त्या पत्राचा विषयही विसरता कामा नये. गलतीकरांस पत्र हे शरीरावरील एका धार्मिक चिन्हाच्या सक्तीविरुद्ध लिहिलेले आहे. सुंता हे चिन्ह तर खुद्द शास्त्रानेच दिलेले होते. तरीही पौल म्हणतो की, सुंता होणे काही नाही व न होणेही काही नाही. नवी उत्पत्ती हेच सर्व काही (६:१५). या वाक्यानंतर दोनच वचनांनी तो आपल्या अंगावरील खुणांचा उल्लेख करतो. म्हणून आम्ही असे म्हणतो की, गोंदण असणे काही नाही व नसणेही काही नाही. ज्याला गोंदणामुळे कोणी मंडळीबाहेर ठेवतो त्याच्या बाजूने हे वचन उभे राहते. आणि ज्याला केवळ गोंदणामुळे आपण अधिक धार्मिक झालो असे वाटते त्याच्या विरुद्धही ते उभे राहते.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे वचन (१ करिंथ ६:१९) निषेधपक्ष नेहमी पुढे करतो. त्याचा संदर्भ व्यभिचाराचा आहे, आणि त्याचा पाया पुढच्याच शब्दांत आहे: तुम्ही स्वतःचे नाही, तुम्हांला मोल देऊन विकत घेतले आहे. येथेही प्रश्न मालकीचाच आहे.

३. मंडळीच्या इतिहासाची साक्ष

गोंदण ही ख्रिस्ती लोकांना परकी गोष्ट आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. इतिहास त्याला आधार देत नाही. इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांत होऊन गेलेला गाझा येथील भाष्यकार प्रोकोपियस यशया ४४:५ वर लिहिताना सांगतो की, पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटावर वा दंडावर क्रूस किंवा ख्रिस्ताचे नाव काढून घेत. मिसर देशातील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांत उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदण्याची चाल आजतागायत आहे. यरुशलेमेत रझूक नावाचे एक कॉप्टिक मूळचे घराणे यात्रेकरूंच्या हातावर क्रूस गोंदते. लाकडी ठशांवरून नक्षी उमटवून गोंदण्याची त्यांची जुनी रीत आहे, आणि घराण्याच्या परंपरेप्रमाणे हा व्यवसाय कित्येक शतकांचा आहे. आर्मेनियन, इथिओपियन व सुरियानी यात्रेकरू हे चिन्ह यात्रेची साक्ष म्हणून घेऊन जात.

पश्चिमेकडील मंडळीची भूमिकाही वाटते तितकी एकरंगी नाही. इ. स. ३१६ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर चिन्ह टोचण्यास बंदी केली; स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपात घडलेला चेहरा विद्रूप होऊ नये, असे कारण दिले. इ. स. ७८६ मध्ये पोपच्या वकिलांनी इंग्लंडमधील मंडळीसाठी जे निर्णय केले त्यांत मूर्तिपूजकांच्या रीतीने अंग रंगविण्याचा निषेध आहे; मात्र तेच कोणी देवासाठी सोसले तर त्याला मोठे प्रतिफळ मिळेल, अशीही पुस्ती जोडलेली आहे. निषेध शाईचा नव्हता. शाईमागील निष्ठेचा होता.

मग आपल्याकडील कठोर भूमिका कोठून आली? बीदर भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेथॉडिस्ट मिशनने काम आरंभिले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मेथॉडिस्ट परंपरेच्या मुळाशी जॉन वेस्ली यांचे १७४३ चे सामान्य नियम आहेत. त्यांत सोने व मोलवान वस्त्रे यांचा डौल वर्ज्य आहे. त्या साधेपणात फार मोठी शक्ती होती व आजही आहे. परंतु साधेपणाचा हा नियम लंडनच्या डामडौलापुढे ठेवलेला होता. ज्यांच्या अंगावर मुळात सोनेच नव्हते, त्यांच्या हिरव्या ठिपक्यांवर तो चालविला गेला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. ईशान्येकडे नागा प्रदेशात १८७२ पासून अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे काम सुरू झाले. तेथेही जुन्या धर्माबरोबर गोंदण सुटत गेले. तेथे काही जमातींत गोंदणाचा संबंध शिरच्छेदाच्या पराक्रमाशी होता, हेही खरे. प्रत्येक ठिकाणी चिन्ह काय सांगते हे विचारूनच निर्णय करावा लागतो. एकच फूटपट्टी सर्वत्र लावता येत नाही.

४. आजीचा हात

तर मग आपल्या आजीच्या हातावरील तुळस काय सांगते? तिने ती बहुधा लग्नाआधी, लहान वयात, आईच्या सांगण्यावरून काढून घेतली. कोरवी समाजाच्या स्त्रिया गावोगाव फिरून गोंदीत. सुया एकत्र बांधून, काजळीत पानांचा रस मिसळून काम चाले, आणि मुलगी रडू नये म्हणून गोंदणारीण गाणी म्हणे. मेल्यावर सारे दागिने येथेच राहतात, बरोबर येते ते गोंदण, अशी समजूत होती. वर गेल्यावर काय आणलेस असे विचारतील, तेव्हा हात पुढे करायचा.

या समजुतीची ख्रिस्ती चिकित्सा अवश्य करावी. आपण बरोबर काही नेत नाही. तारण कृपेने आहे. देवापुढे आपण रिकामे हातच घेऊन उभे राहतो, आणि ते रिकामे आहेत म्हणूनच तो ते भरतो. हे आजीला सांगितले पाहिजे. परंतु तिच्या समजुतीतील वेदनाही ऐकली पाहिजे. मादिग व मांग घरांतील या स्त्रियांजवळ दुसरे काय होते? चांदी सावकाराकडे जाई, धान्य खळ्यावरच वाटले जाई. गोंदण गहाण पडत नसे व चोरीलाही जात नसे. ज्यांच्या देहावर गावाचा हक्क सांगितला जाई, त्यांनी त्या देहावर आपल्या पसंतीचे एक झाड काढून घेतले होते. ते झाड तुळशीचे होते म्हणून त्याला मूर्तिपूजेचा पुरावा मानणे हे आम्हांस उथळपणाचे वाटते.

या प्रदेशात देहावरील धर्मचिन्ह हा विषय अनोळखी नाही. बसवकल्याण हे बसवण्णांच्या बाराव्या शतकातील चळवळीचे स्थान. तेथून लिंगायतांनी इष्टलिंग अंगावर धारण करण्याची शिस्त घेतली. माध्व संप्रदायात तापलेल्या शंखचक्राच्या मुद्रा खांद्यावर उमटवून घेण्याचा विधी आहे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. या सर्वांमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्म्याने काय मिळाले? कित्येक परंपरांत बाप्तिस्मा देताना कपाळावर क्रूसाची खूण करतात. ती पाण्याची असते आणि क्षणात सुकते. प्राचीन मंडळी बाप्तिस्म्याला ‘शिक्का’ म्हणत असे. हा शिक्का डोळ्यांना दिसत नाही. आजीच्या हातावर तुळस दिसते व कपाळावरचा क्रूस दिसत नाही, एवढ्याने तुळस खरी व क्रूस खोटा ठरत नाही. ज्या हाताला देवाने आहे तसा स्वीकारला तो हात आहे तसा मंडळीने स्वीकारावा.

५. नातवाचा हात

नातवाचा प्रश्न वेगळा आहे, आणि आमच्या मते तो अधिक कठीण आहे. शहरातील मित्रांनी गोंदले म्हणून त्यानेही गोंदले, असे असेल. चित्रपटातील नटाच्या दंडावर क्रूस पाहिला म्हणूनही असेल. तसे असल्यास त्याने एवढेच जाणावे की, क्रूस हे मुळात शोभेचे चिन्ह नव्हते. तो रोमी साम्राज्यातील दासांना व बंडखोरांना मारण्याचा खांब होता. प्रभूने आपला वधस्तंभ उचलून मागे येण्यास सांगितले (मार्क ८:३४). तो काढून घेण्यास सांगितले नाही.

परंतु असेही असू शकेल की, त्याने तो क्रूस पूर्ण विचाराने काढून घेतला आहे. आणि मग सीमाभागातील परिस्थितीत त्या मनगटाला एक वेगळेच वजन येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आरंभी हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेला मादिग किंवा मांग त्या सूचीबाहेर राहिला. गावाने त्याला जातीतून सोडले नाही. सरकारने मात्र सूचीतून सोडले. परिणामी अनेक कुटुंबांत कागदावर एक नाव व उपासनेत दुसरे, असे दुहेरी जीवन सुरू झाले. शाळेचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी या सर्व ठिकाणी ख्रिस्ती असणे झाकून ठेवावे लागते. गळ्यातील क्रूस शर्टाच्या आत टाकता येतो, कचेरीत जाताना घरी ठेवता येतो. मनगटावर गोंदलेला क्रूस ठेवता येत नाही. दाखल्यासाठी अर्ज पुढे करताना तोच हात पुढे येतो.

मिसर देशातील ख्रिस्ती लोकांना याचा अर्थ पुरता ठाऊक आहे. मनगटावरील क्रूसामुळे माणूस ओळखला जातो. मग तो नाकारता येत नाही. २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर जे एकवीस मजूर विश्वासासाठी मारले गेले त्यांत वीस जण कॉप्टिक होते. कामासाठी घर सोडून गेलेली ती गरीब मुले होती. आपल्या भागातून पुण्याला व हैदराबादला जाणाऱ्या मुलांसारखीच.

येथे आम्ही फार जपून बोलू इच्छितो. जे कुटुंब दारिद्र्यामुळे कागदावर गप्प राहते त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पोटभर जेवून लिहिणाऱ्याने उपाशी माणसाकडे हौतात्म्य मागू नये. अन्याय आदेशात आहे. त्याने श्रद्धा व भाकर यांत निवड करायला लावली आहे. विकत घेण्यास व विकण्यास खूण लागते असे प्रकटीकरणात वाचताना आम्हांस या गोष्टीचे स्मरण होते. परंतु जो तरुण हे सर्व जाणून मनगट उघडे ठेवतो त्याला मंडळीने लेवीयाचे अर्धे वचन दाखवून गप्प करावे, हे आम्हांस लज्जास्पद वाटते. त्याच्या मनगटावर जे आले आहे ते गोंदण म्हणून आले असेल. पण एखाद्या दिवशी ते पौलाच्या अर्थाने डाग ठरू शकेल. तो दिवस आला तर मंडळी त्याच्या शेजारी उभी असेल का? त्याच्या शिक्षणाची फी कोण भरील? त्याच्या नोकरीसाठी कोणाचा दरवाजा कोण ठोठावील? या प्रश्नांपुढे शाई पाप आहे की नाही हा वाद आम्हांस फार लहान दिसतो.

६. मंडळीचे कर्तव्य

या विवेचनावरून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. गोंदणावरून कोणालाही बाप्तिस्मा, प्रभुभोजन अथवा मंडळीतील सेवा नाकारली जाऊ नये. बाप्तिस्म्यापूर्वीचे गोंदण झाकण्याचा वा काढून टाकण्याचा आग्रह धरू नये. जे यहुदी नव्हते अशा विश्वासणाऱ्यांवर जरुरीपलीकडे ओझे लादू नये, असे यरुशलेमेतील सभेने ठरविले होते (प्रेषितांची कृत्ये १५:२८). तो निर्णय आजही पुरेसा आहे.

तरुणांना सल्ला द्यावा, पण आज्ञा म्हणून नव्हे. जे पुसता येत नाही ते उतावीळपणे करू नये. अजाण मुलांना गोंदवू नये. आपल्या परंपरेत विश्वासाची कबुली कळत्या वयात स्वतः द्यावयाची असते. जत्रेतील एकाच सुईने अनेकांना गोंदल्यास कावीळ व एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळायची, तर आपल्या रक्ताची काळजी घेणे हाही तिचाच भाग आहे, कारण गोंदल्यावर काही काळ रक्तदान करता येत नाही.

आणि उपदेशकांनी लेवीयाचा एकोणिसावा अध्याय वाचायचा तर संपूर्ण वाचावा. मजुरीच्या वचनाशी थांबावे, परदेशीयाच्या वचनाशी थांबावे, पिकल्या केसांच्या वचनाशी उभे राहावे. मग अठ्ठाविसाव्या वचनाकडे वळावे आणि ते ज्या प्रश्नासाठी दिले आहे तोच प्रश्न विचारावा: तुझ्यावर कोणाचे नाव आहे? जातीचे, पैशाचे, पुढाऱ्याचे की ज्याने सोडविले त्याचे? ज्यांच्या कातडीवर एकही ठिपका नाही, अशा पुष्कळांना या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाईल.

यशया ४९:१६ मध्ये परमेश्वर सीयोनेला सांगतो की, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. दास आपल्या हातावर धन्याचे नाव धारण करतो, ही जगाची रीत. येथे धनीच दासाचे नाव आपल्या तळहातावर धारण करतो. थोमाला उठलेल्या प्रभूने जे हात दाखविले (योहान २०:२७) त्यांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्या त्याने झाकल्या नाहीत. पुढच्या रविवारी आमची वृद्ध भगिनी भाकर घेण्यासाठी हात पुढे करील, तेव्हा पाळकाने तिच्या हातावरील तुळशीकडे पाहून क्षणभरही अडखळू नये. आणि तिलाही आपला पदर पुढे ओढावासा वाटू नये, एवढी मोकळीक आमच्या मंडळ्यांत असावी, ही प्रभूजवळ आमची विनंती आहे.